संगणकाचे तीन अंकी उत्तर

विदर्भात एप्रिलच्या अखेरीस सकाळी अकरा वाजता तापमान किती असेल? तुमच्यापैकी जे तिकडचे असतील ते तापमापक न पाहताच सांगतील : चाळीसच्या आसपास. पण माझ्या एका विद्यार्थिनीने काढलेल्या आलेखात २८ एप्रिल २०१९ रोजी सकाळी अकरा वाजता तापमान अवघे ४ अंश सेल्सिअस होते, आणि त्या बिंदूशी आलेखच संपला होता. पुढे मे नाही, जून नाही, काहीच नाही.

तिला विदर्भातील एका ठिकाणच्या तापमानाच्या वर्षभराच्या, दर तासाच्या नोंदी हव्या होत्या. त्या नोंदींची फाइल परगावच्या एका संगणकावर ठेवलेली होती. ती आणण्यासाठी मी तिला एक छोटीशी आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, लिहून दिली होती. आज्ञावलीने फाइल आणली, पडद्यावर 'काम झाले' अशी अक्षरे उमटवली आणि ती थांबली. प्रत्यक्षात काम झालेच नव्हते. वाटेत जोडणी तुटल्यामुळे फाइलचा जेमतेम एक तृतीयांश भाग आला होता, आणि तोही एका संख्येच्या मधोमध तुटून.

गंमत अशी की परगावच्या संगणकाने ही गोष्ट प्रामाणिकपणे कळवली होती. त्याने '४२६' असे उत्तर पाठवले होते. माझ्या आज्ञावलीने ते वाचले नाही, कारण उत्तर वाचण्याची ओळ मी लिहिलीच नव्हती! दोष संगणकाचा नव्हता, जोडणीचाही नव्हता, माझा होता.

हे ४२६ म्हणजे काय? चारशे पंचवीसच्या पुढचा आकडा एवढाच त्याचा अर्थ आहे का? मुळीच नाही. त्यातला प्रत्येक अंक काहीतरी सांगतो. ते कसे, हे आज आपण पाहू या.

अभिप्रायासाठी पाठवलेले टिपण

१९६९ साली अमेरिकेत काही विद्यापीठांचे आणि संशोधन संस्थांचे संगणक एकमेकांना जोडण्यास सुरुवात झाली. त्या जाळ्याला 'आर्पानेट' म्हणत. आजच्या इंटरनेटचे ते पूर्वज. संगणक तारेने जोडले गेले खरे, पण ते होते नाना जातींचे. कुणाचा शब्द ३६ द्विमान अंकांचा, कुणाचा ३२ द्विमान अंकांचा. 'ए' हे अक्षर एक यंत्र एका सांकेतिक आकड्याने साठवी, तर दुसरे भलत्याच आकड्याने. फायलींना नावे देण्याच्या रीती वेगळ्या, चूक झाली तर दाखवायचे संदेशही वेगळे. अशा दोन यंत्रांनी एकमेकांकडून फाइल मागायची कशी?

यासाठी पहिले नियम लिहिले गेले ते १६ एप्रिल १९७१ या तारखेच्या एका टिपणात. 'आरएफसी', म्हणजे 'अभिप्रायासाठी विनंती', अशा नम्र नावाने निघणाऱ्या टिपणांच्या मालेतील हे ११४ वे. लेखक होते अभय भूषण. मूळचे अलाहाबादचे. कानपूरच्या आयआयटीची पहिली तुकडी १९६५ साली बाहेर पडली, तिच्यात ते होते आणि टिपण लिहिले तेव्हा ते अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत होते. या नियमांना 'फाइल ट्रान्स्फर प्रोटोकॉल' किंवा आद्याक्षरांनी 'एफटीपी' म्हणतात. प्रोटोकॉल म्हणजे बोलण्याचालण्याचे आधी ठरवून घेतलेले संकेत. जो संगणक फाइल ठेवतो आणि मागेल त्याला देतो त्याला 'सर्व्हर' म्हणतात. मागणाऱ्याला आपण 'मागणारा'च म्हणू.

मागणाऱ्याने एक छोटी आज्ञा पाठवायची आणि सर्व्हरने तिला उत्तर द्यायचे, असा हा संवाद चालतो. आता उत्तर कोणत्या स्वरूपात द्यावे? 'माफ करा, ही फाइल सापडत नाही' असे वाक्य पाठवले तर माणसाला कळेल, यंत्राला नाही. उद्या सर्व्हर सांभाळणाऱ्याने वाक्य थोडे बदलले, तर आधीचे वाक्य ओळखणारी आज्ञावली गोंधळून जाईल. म्हणून असे ठरले की उत्तराच्या आरंभी तीन अंकी संख्या असावी आणि तिच्यापुढे हवे ते वाक्य. संख्या यंत्रासाठी, वाक्य माणसासाठी. वाक्य इंग्रजीत असो वा जपानीत, विनोदी असो वा गंभीर, संख्या तीच राहते.

एक लहानसा संवाद

मागणारा सर्व्हरशी जोडला जातो, तेव्हा पहिल्यांदा सर्व्हरच बोलतो.

सर्व्हर : २२०, सेवेस तयार आहे.
मागणारा : 'यूझर', आणि पुढे आपले नाव.
सर्व्हर : ३३१, नाव ठीक, आता परवलीचा शब्द सांगा.
मागणारा : 'पास', आणि पुढे परवलीचा शब्द.
सर्व्हर : २३०, आत या.
मागणारा : 'रेटर', आणि पुढे फाइलचे नाव.
सर्व्हर : १५०, फाइल आहे, पाठवायला घेतो.
(येथे फाइल येते.)
सर्व्हर : २२६, पाठवून पूर्ण झाली.
मागणारा : 'क्विट'.
सर्व्हर : २२१, बरे, येतो.

'रेटर' हे 'परत मिळवा' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आखूड रूप आहे. एवढा संवाद पुन्हा एकदा वाचा आणि फक्त शतकस्थानचे अंक एका ओळीत लिहा : २, ३, २, १, २, २. काही दिसते का?

शतकस्थानचा अंक

पिनकोड आठवा. पाकिटावर पहिला अंक ४ दिसला की टपाल खात्याचा माणूस गावाचे नाव न वाचता सांगतो, की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या टापूतले. पहिले तीन अंक ४०३ दिसले की गोवा. डावीकडून उजवीकडे जावे तसा पत्ता बारीक होत जातो. (ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी, आणि संस्कृतचे कवीही होते.) एफटीपीची उत्तरेही अशीच डावीकडून वाचायची असतात. सर्वांत महत्त्वाचे ते शतकस्थान.

१ म्हणजे 'काम सुरू केले आहे, थांबा, आणखी एक उत्तर येईल.' २ म्हणजे 'झाले, पुढची आज्ञा द्या.' ३ म्हणजे 'इथवर ठीक, पण तुमच्याकडून अजून काही हवे आहे.' वरच्या संवादात नाव सांगितल्यावर ३ आला, परवलीचा शब्द दिल्यावर २. फाइल मागितल्यावर आधी १, मग २.

नकाराचे अंक दोन, ४ आणि ५. नकार एकच असताना त्याला दोन अंक कशाला? या प्रश्नातच या पद्धतीचे खरे मर्म आहे.

रेशनच्या दुकानातले दोन प्रसंग घ्या. पहिल्यात दुकानदार म्हणतो, "साखर आज आलेली नाही." दुसऱ्यात तो म्हणतो, "या कार्डावर साखर मिळत नाही." दोन्ही वेळा तुम्ही रिकाम्या पिशवीनेच घरी येता. पण पहिल्या वेळी तेच कार्ड घेऊन परवा पुन्हा जाण्यात अर्थ आहे. दुसऱ्या वेळी रोज हेलपाटे घातले तरी चप्पल झिजण्यापलीकडे काही होणार नाही. आधी कार्ड बदलायला हवे. पहिला नकार ४ चा, दुसरा ५ चा.

नियमाच्या भाषेत सांगायचे तर असे : आज्ञेत एक अक्षरही न बदलता, मागणाऱ्याचे नाव वा अधिकार न बदलता, तीच आज्ञा थोड्या वेळाने पुन्हा दिली तर यश येण्याचा संभव असेल, तेव्हा ४. काही ना काही बदलल्याखेरीज यश येणारच नसेल, तेव्हा ५.

उत्तरांच्या दोन जोड्या पाहा म्हणजे हे पक्के होईल. ४५० म्हणजे फाइल आत्ता देता येत नाही, कारण उदाहरणार्थ दुसरे कुणी ती वापरत आहे. ५५० म्हणजे फाइल नाहीच, किंवा तुम्हाला ती घेण्याची परवानगी नाही. तसेच ४५२ म्हणजे सर्व्हरवर तूर्त जागा नाही. कुणी काही पुसले तर होईल. ५५२ म्हणजे तुमच्या वाट्याला दिलेली जागा संपली. दुसऱ्यांनी कितीही पुसले तरी तुम्हाला उपयोग नाही. शेवटचे दोन अंक तेच, पहिला बदलला की पुढे काय करायचे तेच बदलते.

हा भेद पहिल्यापासून नव्हता. सुरुवातीच्या यादीत ४ चा अर्थ होता 'आज्ञा बरोबर आहे पण जमले नाही' आणि ५ चा 'आज्ञाच चुकली'. म्हणजे दोष कुणाचा, हे सांगण्यावर भर होता. १९७४ च्या जूनमध्ये जॉन पोस्टेल यांच्या नावे निघालेल्या ६४० व्या टिपणात उत्तरांची नव्याने मांडणी झाली, आणि 'तात्पुरता' व 'कायमचा' हे अर्थ आले. पुढे १९८५ च्या ९५९ व्या टिपणात हीच मांडणी कायम झाली. मला स्वतःला हा बदल फार शहाणपणाचा वाटतो. मध्यरात्री कुणी माणूस हजर नसताना आज्ञावली एकटीच काम करते, तेव्हा दोष कुणाचा हे कळून तिला काय करायचे? तिला हवे असते ते एवढेच, की पुन्हा प्रयत्न करू की सोडून देऊ.

अर्थात नियम झाला म्हणून सगळे तो पाळतात असे नाही. एका वेळी ठरावीक संख्येपेक्षा जास्त मागणारे आले, तर सर्व्हरने खरे म्हणजे ४२१ म्हणावे, 'सेवा तूर्त उपलब्ध नाही'. पण काही सर्व्हर अशा वेळी ५३०, म्हणजे 'तुम्हाला प्रवेश नाही', असे उत्तर देतात. बिचारी नियमनिष्ठ आज्ञावली ते वाचून कायमची परत फिरते. पाच मिनिटे थांबली असती तर काम झाले असते!

दशकस्थान आणि एककस्थान

दशकस्थानचा अंक विषय सांगतो. ० म्हणजे आज्ञेची भाषा व व्याकरण, १ म्हणजे माहिती, २ म्हणजे जोडणी, ३ म्हणजे ओळख व प्रवेश, ५ म्हणजे फायली आणि त्यांचा साठा. ४ रिकामा ठेवला आहे. एककस्थान त्या विषयातला बारीक फरक दाखवते; ते मात्र यादीत पाहावे लागते, आणि पाठ करण्याची गरज नाही.

आता ५०० म्हणजे काय, हे यादी न पाहता सांगा बरे. ५ म्हणजे कायमचा नकार, ० म्हणजे भाषा : 'ही आज्ञा मला कळत नाही.' ५३० : कायमचा नकार, ओळखीच्या बाबतीत. ३३१ : आणखी काही हवे, ओळखीच्या बाबतीत. आणि आमचे ते ४२६? तात्पुरता नकार, जोडणीच्या बाबतीत : 'जोडणी तुटली, पाठवणे अर्धवट राहिले.' पहिला अंक ४ असल्यामुळे त्यातच सल्लाही आला : पुन्हा प्रयत्न करा.

फाइल संपली हे कसे कळते?

येथे तुम्ही विचाराल, फाइल अर्धी आली हे आज्ञावलीला आपले आपण कळायला नको का? याचे उत्तर एफटीपीच्या एका वैशिष्ट्यात आहे. या पद्धतीत एकाच वेळी दोन जोडण्या असतात. एकीवरून आज्ञा आणि उत्तरे जातात-येतात. ती पूर्ण संवादभर टिकते. दुसरी फक्त फाइलसाठी उघडतात. नेहमीच्या पद्धतीने फाइल पाठवताना 'समाप्त' अशी कोणतीही खूण फाइलच्या शेवटी जोडलेली नसते. सगळी फाइल ओतून झाली की सर्व्हर ती दुसरी जोडणी बंद करतो. जोडणी बंद होणे हीच समाप्तीची खूण.

मग काही बिघाडाने जोडणी मध्येच बंद पडली तर? मागणाऱ्याच्या बाजूने दोन्ही गोष्टी सारख्याच दिसू शकतात. नळाचे पाणी थांबले, पण टाकी रिकामी झाली म्हणून की कुणी मध्येच चावी फिरवली म्हणून, हे नळाकडे पाहून कळत नाही. ते कळते पहिल्या जोडणीवर येणाऱ्या उत्तरावरून. २२६ आले तर फाइल पूर्ण. ४२६ आले तर अपुरी. काहीच उत्तर आले नाही तरी अपुरी समजावी हे बरे. माझी आज्ञावली नळ बंद झाला एवढे पाहून 'काम झाले' म्हणत होती.

मात्र २२६ मिळाले म्हणजे सारे निर्धास्त, असेही नाही. २२६ सांगते की पाठवायचे ते पाठवले. फाइल मजकुराची आहे असे मानून छायाचित्र मागवले, तर ओळींच्या शेवटी असणाऱ्या खुणा बदलल्या जाऊन चित्र बिघडू शकते. तेव्हाही उत्तर २२६ च येते.

थोडे गणित

दुसरी जोडणी कोठे करायची, हे ठरवताना एक मजेदार उत्तर येते. मागणाऱ्याने तशी विनंती केली की सर्व्हर म्हणतो, २२७, आणि पुढे कंसात सहा संख्या देतो. समजा त्या १९२, १६८, १, १०, १९५, ८० अशा आहेत. पहिल्या चार संख्या म्हणजे सर्व्हरचा पत्ता. शेवटच्या दोहोंवरून दाराचा क्रमांक, म्हणजे 'पोर्ट', काढायचा. प्रत्येक संख्या आठ द्विमान अंकांत बसते, म्हणजे ० ते २५५. म्हणून दोहोंपैकी पहिलीला २५६ ने गुणायचे आणि दुसरी मिळवायची :

१९५ × २५६ + ८० = ४९९२० + ८० = ५००००

शेवटच्या दोन संख्या ७८ आणि ५२ असतील तर कोणते दार? तुम्हीच काढा. आणि हेही ध्यानात घ्या, की वाक्य माणसासाठी, संख्या यंत्रासाठी हा नियम येथे मोडला आहे. या कंसातील मजकूर यंत्रालाच वाचावा लागतो.

टपाल आणि संकेतस्थळे

एफटीपीची ही युक्ती पुढे इतरांनीही उचलली. ई-मेल पोहोचवणाऱ्या 'एसएमटीपी' या पद्धतीचे १९८२ चे नियम पाहा, तेच तीन अंक, आणि ४ व ५ यांचे तेच अर्थ. नको असलेल्या जाहिराती अडवण्यासाठी २००३ पासून यावर एक नामी उपाय योजला गेला. अनोळखी ठिकाणाहून टपाल आले की टपाल घेणारा संगणक मुद्दाम ४ ने सुरू होणारे उत्तर देतो : 'आत्ता नाही, थोड्या वेळाने या.' खरे टपाल पाठवणारा संगणक नियमाप्रमाणे थोड्या वेळाने पुन्हा येतो, आणि त्याचे टपाल घेतले जाते. लाखो पत्रे एकदम उधळणाऱ्या जाहिरातदारांच्या आज्ञावल्या बहुधा पुन्हा येण्याची तसदी घेत नसत.

संकेतस्थळांवर दिसणारे ४०४ तर तुमच्या परिचयाचेच आहे. पण येथे सावध राहा! संकेतस्थळांच्या 'एचटीटीपी' पद्धतीने तीन अंक घेतले, अर्थ मात्र पुन्हा दोषाकडे वळवला : ४ म्हणजे मागणाऱ्याच्या बाजूची चूक, ५ म्हणजे सर्व्हरच्या बाजूची. त्यामुळे ५०३ हे उत्तर संकेतस्थळाकडून आले तर 'सर्व्हर सध्या व्यग्र आहे, नंतर या' असा अर्थ होतो; तेच एफटीपी सर्व्हरकडून आले तर 'आज्ञांचा क्रम चुकला'. परवलीचा शब्द आधी आणि नाव मागून, असे केल्यास हे उत्तर मिळते.

वर्गात करून पाहा

एक विद्यार्थी सर्व्हर, एक मागणारा, आणि तिसरा फाइल वाहणारा. वाहणाऱ्याला एका उताऱ्याची एकेक ओळ चिठ्ठीवर लिहून नेऊन द्यायची आहे. सर्व्हरने तोंडाने एक शब्दही बोलायचा नाही, फक्त अंकांचे फलक दाखवायचे. मागणाऱ्याला केवळ शतकस्थानचे पाच अर्थ माहीत हवेत. शिक्षकांनी वाहणाऱ्याला मध्येच कुठेतरी गुपचूप थांबवावे. आधी सर्व्हरने फलक दाखवायचाच नाही, आणि मागणाऱ्याने उतारा पूर्ण आला की नाही हे सांगायचे. मग तोच खेळ फलकांसह खेळावा.

शाळेत संगणक कक्ष असेल तर दोन संगणक एकमेकांना जोडून खराच संवाद पाहता येईल. 'फाइलझिला' या मोफत मिळणाऱ्या प्रोग्रॅमच्या वरच्या चौकटीत सर्व्हरची उत्तरे एकामागून एक उमटत जातात. पण एक पथ्य पाळा. मूळच्या एफटीपीत परवलीचा शब्दही उघडाच जातो. मधला कुणीही तो वाचू शकतो. याच उणिवेमुळे क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरांनी २०२१ साली एफटीपीचा आधार काढून टाकला, आणि महत्त्वाच्या कामांसाठी आता संदेश गुप्त लिपीत पाठवणाऱ्या पद्धती वापरतात. तेव्हा प्रयोगात आपला नेहमीचा परवलीचा शब्द वापरू नका.

आता त्या अपुऱ्या फाइलचे काय झाले, ते सांगतो. तिच्या प्रत्येक ओळीत तारखेची १० अक्षरे, तासाची २, तापमानाची ४, मधल्या मोकळ्या जागा २ आणि ओळ संपल्याची खूण १, अशी १९ अक्षरे होती. वर्षाचे तास ८७६०, म्हणजे पूर्ण फाइल १,६६,४४० अक्षरांची हवी. सर्व्हरला फाइलचा आकार विचारला, तर उत्तर आले २१३, आणि पुढे तोच आकडा. आमच्याजवळ होती ५३,५७६ अक्षरे. १९ ने भागून पाहा : २८१९ ओळी पूर्ण, आणि पुढच्या ओळीची १५ अक्षरे.

सगळी फाइल पुन्हा मागवण्याची गरज नव्हती. 'अमुक अक्षरांच्या पुढून सुरू करा' अशी एक आज्ञा आहे. ती ५३,५७६ हा आकडा घालून विद्यार्थिनीने स्वतः पाठवली. उत्तर आले ३५०. तिने वळून माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "पहिला अंक पाहा." तिने लगेच फाइल मागण्याची आज्ञा दिली. १५०. मग थोडा वेळ काहीच नाही. मग २२६.

पहिली तीन अक्षरे जी नव्याने आली ती होती १, टिंब आणि ६. एप्रिलच्या त्या सकाळी अकरा वाजता तापमान ४१.६ अंश होते.